प्रत्यभिज्ञा : अद्वैत शैवदर्शन आणि त्याचे ग्रंथ

नवव्या ते अकराव्या शतकांत काश्मीरच्या खोऱ्यात संस्कृतमधून जे अद्वैत शैव तत्त्वज्ञान रचले गेले, त्याला आज सर्रास ‘काश्मीर शैवमत’ म्हटले जाते. हे नाव अलीकडचे आहे. जगदीशचंद्र चटर्जी यांच्या १९१४ सालच्या इंग्रजी पुस्तकामुळे ते रूढ झाले. खुद्द परंपरेत त्रिक, क्रम, कौल, स्पंद, प्रत्यभिज्ञा अशी नावे येतात आणि ती एकाच गोष्टीची नावे नव्हेत. त्रिक, क्रम आणि कौल हे उपासनेचे संप्रदाय. प्रत्यभिज्ञा म्हणजे त्यांच्या पाठीशी उभा केलेला तर्कशुद्ध युक्तिवाद. ‘काश्मीर’ या विशेषणामुळे आणखी दोन गैरसमज होतात. त्याच खोऱ्यात त्याच काळात द्वैतवादी शैवसिद्धांतही जोमात होता. भट्ट रामकंठासारखा त्याचा कसलेला पंडित काश्मीरचाच. दुसरीकडे अद्वैत शैव ग्रंथ काश्मीरपुरते राहिले नाहीत. चौदाव्या शतकात, माधवाचार्यांच्या नावे असलेल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त, प्रत्यभिज्ञादर्शनाला स्वतंत्र प्रकरण मिळाले, ते दूर दक्षिणेत, विजयनगरच्या मुलखात.

या दर्शनाचा निष्कर्ष दोन वाक्यांत सांगता येतो. जे काही आहे ते एकच चैतन्य आहे आणि ते चैतन्य म्हणजे शिव. जीव शिवच आहे, पण त्याला स्वतःची ओळख पटलेली नाही; ती पटणे हाच मोक्ष. या दोन वाक्यांवर समाधान मानणारी लोकप्रिय पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांनी या दर्शनाचे मोठे नुकसान केले आहे. उपनिषदांपासून संतवाङ्मयापर्यंत असे निष्कर्ष अनेकांनी सांगितले. सोमानंद, उत्पलदेव आणि अभिनवगुप्त यांनी केलेले काम निराळे आहे. हा निष्कर्ष न मानणाऱ्या, किंबहुना आत्माच न मानणाऱ्या, अत्यंत तयारीच्या बौद्ध तार्किकांसमोर त्यांनी तो मांडला, आणि त्यांच्याच कसोट्यांवर टिकवून दाखवला. पूर्वपक्ष वगळून हे ग्रंथ वाचले तर हाती घोषणा राहतात, दर्शन निसटते.

या ग्रंथांच्या मुळाशी आगम आहेत. परंपरा दहा शिवागम, अठरा रुद्रागम आणि चौसष्ट भैरवागम मोजते. मालिनीविजयोत्तर, स्वच्छंद, नेत्र, सिद्धयोगेश्वरीमत, विज्ञानभैरव ही अद्वैत्यांच्या जवळची तंत्रे. ती तत्त्वज्ञानाची पुस्तके नव्हेत. मंत्रोद्धार, मंडल, दीक्षा, न्यास, भुवनांची गणना, सिद्धी मिळवण्याचे विधी असा त्यांचा मजकूर असतो आणि मांडणी बहुधा शिव-पार्वती संवादाची. विज्ञानभैरव मात्र वेगळे आहे. त्यात विधी जवळपास नाहीत. परंपरा मोजते त्या ११२ धारणा आहेत, म्हणजे श्वास, शून्य, आश्चर्य, शिंक, भूक, गाण्याचा आस्वाद अशा साध्या अनुभवांच्या क्षणी चित्त कुठे ठेवावे याच्या सूचना.

आगमांचा अद्वैत अर्थ त्यांच्या अक्षरांवरून आपोआप निघत नाही. अभिनवगुप्त म्हणतो की आपल्या ‘तंत्रालोका’त मालिनीविजयोत्तरात नसलेले काहीही नाही. पण त्या तंत्राची स्वतःची भाषा द्वैताकडे झुकलेली आहे, हे अ‍ॅलेक्सिस सॅण्डरसन यांनी १९९२च्या निबंधात सप्रमाण दाखवले. स्वच्छंद आणि नेत्र या तंत्रांवरील, अभिनवगुप्ताचा शिष्य क्षेमराज याच्या ‘उद्द्योत’ टीकांचीही तीच गोष्ट. रोजच्या पूजेत द्वैतबुद्धीने वापरल्या जाणाऱ्या ग्रंथांना त्याने अद्वैताच्या बाजूला ओढून घेतले. ही ओढाताण अप्रामाणिक नव्हती. ईश्वराने सांगितलेल्या सर्व शास्त्रांचे तात्पर्य एकच असले पाहिजे, ही या आचार्यांची खरी निष्ठा होती. अभ्यासकाने तंत्र आणि टीका वेगवेगळे वाचावेत आणि दोघांत अंतर कुठे पडते ते पाहावे. त्या अंतरातच या परंपरेची बुद्धी काम करताना दिसते.

आगमांपासून दर्शनाकडे येण्याचा पहिला टप्पा म्हणजे नवव्या शतकातील ‘शिवसूत्रे’. वसुगुप्ताला महादेवगिरीवरील शंकरोपल नावाच्या शिळेखाली ती कोरलेली सापडली, अशी कथा क्षेमराज देतो. सूत्रांवरील भास्कराच्या वार्तिकात शिळेचा उल्लेख नाही. तिथे सूत्रांचा उपदेश स्वप्नात सिद्धाकडून मिळतो. क्षेमराजाच्या पाठात ७७ सूत्रे आहेत आणि शांभव, शाक्त, आणव या तीन उपायांप्रमाणे त्यांचे तीन उन्मेष पाडले आहेत. भास्कराकडे ही उपायवार विभागणी नाही. म्हणजे आज ज्या चौकटीत शिवसूत्रे शिकवली जातात ती चौकट सूत्रकाराची नसून जवळपास दोनशे वर्षांनंतरच्या टीकाकाराची आहे. ‘स्पंदकारिका’ हा याच घराण्यातला ग्रंथ, पन्नासच्या आसपास कारिकांचा. तो वसुगुप्ताचा की त्याचा शिष्य कल्लट याचा, याबद्दल टीकाकारांतच मतभेद. कल्लट हा अवंतिवर्म्याच्या कारकिर्दीतला (८५५–८८३) सिद्ध, हे कल्हणाच्या राजतरंगिणीवरून कळते. या साऱ्या कालगणनेचा तोच पक्का खुंटा. कारिकांवर खुद्द कल्लट, राजानक राम, भागवतोत्पल आणि क्षेमराज यांच्या टीका आहेत. त्यांतला भागवतोत्पल वैष्णव, पांचरात्र परंपरेतला. एकच छोटा ग्रंथ शैव आणि वैष्णव दोघांनी आपला मानला, यावरून त्या काळच्या काश्मिरातली देवाणघेवाण ध्यानात येते.

स्पंद म्हणजे चैतन्याची स्वाभाविक हालचाल, जी कुठल्याही बाह्य कारणाने होत नाही. अतिशय राग आला असता, अत्यानंद झाला असता, जीव घेऊन पळताना, ‘काय करू’ अशा घालमेलीत, ही हालचाल उघडी पडते असे कारिका सांगते. निरीक्षण अचूक आहे. मात्र स्पंदकारिका वाद घालत नाही. अनुभवाकडे बोट दाखवते आणि पुढे जाते. ज्याला आत्माच मान्य नाही, त्याला तिच्याकडे उत्तर नाही.

ते उत्तर सोमानंदाच्या ‘शिवदृष्टी’त सुरू झाले आणि दहाव्या शतकात त्याचा शिष्य उत्पलदेव याच्या ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिकां’त पूर्ण झाले. गुरू आणि शिष्य यांचा पिंड वेगळा होता. सोमानंद आक्रमक आहे; शिवदृष्टीच्या दुसऱ्या आह्निकात, म्हणजे प्रकरणात, त्याने भर्तृहरीच्या शब्दाद्वैतावर कडाडून हल्ला चढवला. उत्पलदेवाने गुरूचा सिद्धांत घेतला, पण भर्तृहरीला मात्र जवळ केले: ज्ञान कधीही शब्दाच्या सूक्ष्म स्पर्शावाचून नसते, हे भर्तृहरीचे मत प्रत्यभिज्ञेचा कणाच बनले. गुरूने ज्याच्यावर टीकेची झोड उठवली त्याच्याकडून शिष्याने सर्वांत महत्त्वाची गोष्ट घ्यावी आणि दोघांनाही परंपरेने वंदन करावे, याहून निरोगी परंपरा क्वचितच आढळेल.

ईश्वरप्रत्यभिज्ञेत १९० कारिका आहेत. ज्ञान, क्रिया, आगम आणि तत्त्वसंग्रह असे चार अधिकार, त्यांची मिळून सोळा आह्निके. निम्मी आह्निके एकट्या ज्ञानाधिकाराची आहेत, आणि त्यातला स्मृतीचा युक्तिवाद सावकाश पाहण्याजोगा आहे.

दुसरे आह्निक संपूर्ण बौद्धाच्या तोंडी आहे. तो म्हणतो, घटाचे ज्ञान होते, पटाचे होते, सुखाचे होते. ही क्षणाक्षणाची ज्ञाने दिसतात, त्यांच्यामागे स्थिर असा कुणी ज्ञाता दिसत नाही. आत्मवादी स्मृतीचा आधार घेतो: काल पाहिले ते आज आठवते, म्हणजे पाहणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. बौद्ध विचारतो, कालचा अनुभव तर नष्ट झाला. तुमचा आत्मा तिथे असला तरी नष्ट अनुभव परत कसा येणार? त्यासाठी तुम्हालाही संस्कार मानावाच लागतो. मग संस्कारानेच काम भागत असेल तर मध्ये आत्मा कशाला? हा पूर्वपक्ष उत्पलदेवाने इतक्या ताकदीने मांडला आहे की तिथेच पुस्तक मिटले तर वाचक बौद्ध होऊन उठेल.

तिसऱ्या आह्निकात उत्तर येते. संस्कार मान्य. पण संस्काराने काय होईल? आजचे ज्ञान कालच्या ज्ञानासारखे होईल. सारखे होणे वेगळे आणि ‘हे मी पूर्वी अनुभवले आहे’ असे कळणे वेगळे. तो सारखेपणा तरी कुणाला कळणार? कालचे ज्ञान स्वतःपुरते संपले, आजचे ज्ञान स्वतःपुरते आहे. दोघांना एकत्र पाहणारे कुणी नाही. आजच्या ज्ञानाने कालच्या ज्ञानाला आपला विषय करावा म्हटले, तर तेही बौद्धाला परवडत नाही, कारण ज्ञान स्वप्रकाश असते आणि दुसऱ्या ज्ञानाचा विषय होत नाही, हा धर्मकीर्तीच्या परंपरेचाच सिद्धांत. उत्पलदेव इथे बौद्धाचे शस्त्र हिरावून घेत नाही. ते खरे मानतो आणि त्याचा परिणाम शेवटपर्यंत नेतो. ज्ञान दुसऱ्या ज्ञानाचा विषय होत नसेल, आणि तरीही स्मृतीत कालचा अनुभव अनुभव म्हणूनच प्रकाशत असेल, तर काल आणि आज या दोन्ही क्षणी प्रकाशणारे चैतन्य एकच असले पाहिजे. पुढे सातव्या आह्निकात हाच मुद्दा भ्रमाच्या बाधाला लावला जातो. शिंपला चांदी म्हणून दिसला आणि मग ‘ही चांदी नव्हे’ असे कळले. दोन ज्ञाने एकमेकांना स्पर्शच करत नसतील, तर दुसरे पहिल्याला खोटे कसे ठरवणार? तुलना, नकार, कार्यकारणभाव, सगळा लोकव्यवहार या एका ज्ञात्यावर उभा आहे.

इथवर नैयायिकही टाळ्या वाजवील. पण उत्पलदेवाचा आत्मा नैयायिकाचा नाही; तो ज्ञान या गुणाचा आश्रय असलेले द्रव्य नव्हे, तो स्वतःच प्रकाश आहे. पाचव्या आह्निकात युक्तिवाद जगाकडे वळतो. वस्तू प्रकाशाहून खरोखर भिन्न असती तर ती कधीच प्रकाशली नसती. बाहेरच्या वस्तूचे अनुमान करावे, तर अनुमानही पूर्वी कधीतरी प्रकाशलेल्याचेच होते. म्हणून पदार्थ म्हणजे चैतन्याच्या आत असलेले आणि बाहेर असल्यासारखे भासवलेले आभास. योगी केवळ इच्छेने, कुठल्याही साहित्यावाचून, वस्तू निर्माण करतो असे त्या काळी बहुतेक पक्षांना मान्य होते. चैतन्य जगाचे आभासन तसेच करते. विज्ञानवादी बौद्धांपासून हे मत एका पावलावर आहे, आणि ते पाऊल म्हणजे विमर्श.

प्रकाश आणि विमर्श ही जोडी समजली की या दर्शनाची किल्ली हाती येते. स्फटिकातही समोरच्या वस्तूचे रूप उमटते, पण स्फटिकाला त्याची जाणीव नसते. म्हणून तो जड. चैतन्य केवळ प्रकाशत नाही, ‘मी’ म्हणून स्वतःला उमगते. ही उमज म्हणजे विमर्श; तोच परा वाक्, तेच स्वातंत्र्य, तीच शक्ती. शांकर वेदान्ताशी खरा मतभेद इथे आहे. तिथे ब्रह्म निष्क्रिय आणि माया अनिर्वचनीय. जग ना सत् ना असत्. इथे माया शिवाचीच शक्ती आहे, स्वतःला झाकण्याचे त्याचे सामर्थ्य, आणि म्हणून जग खोटे नव्हे. जगाचे वेगळेपण अपुऱ्या ज्ञानातून येते, पण ते भासणे खऱ्या स्वातंत्र्यातून येते. सृष्टी, स्थिती, संहार, निग्रह आणि अनुग्रह ही पाच कृत्ये शिव अखंड करतो, आणि जीवही प्रत्येक जाणिवेत तीच करत असतो.

ग्रंथाच्या अखेरीस उत्पलदेव स्वतःच सर्वांत अवघड शंका घेतो. आत्मा शिवच असेल आणि तो नेहमीच प्रकाशत असेल, तर ओळखल्याने नवे काय मिळणार? उत्तरासाठी तो एका तरुणीचा दृष्टांत देतो. एका पुरुषाचे गुण ऐकून ती त्याच्यावर अनुरक्त झाली आहे. तो तिच्या विनंत्यांनी येऊन समोर उभा राहतो, पण ती त्याला चारचौघांसारखा पाहते आणि तिला काहीच वाटत नाही. ‘हाच तो’ हे कळल्यावरच तिचे मन भरून येते. अभिनवगुप्ताने यावरच्या टीकेत एक बारीक भेद केला आहे. बीजातून अंकुर फुटायला ते बीज आहे हे कुणी ओळखावे लागत नाही. काही कार्ये अशी ओळखीविना होतात. पण ज्या कार्याचे सार ज्ञात्याच्या ठायी होणारा आनंद आहे, ते ओळखीशिवाय होत नाही. मोक्ष दुसऱ्या जातीचा आहे. हे वाचल्यावर ‘आत्मा नित्यमुक्तच आहे, मग साधना कशाला’ या नेहमीच्या प्रश्नाला इतके नेमके उत्तर अन्यत्र फारसे नाही, असे म्हणावे लागते.

उत्पलदेवाने कारिकांवर एक छोटी वृत्ती आणि एक मोठी विवृती लिहिली. त्यातली विवृती बव्हंशी हरवली आहे. त्याचे ‘अजडप्रमातृसिद्धी’, ‘ईश्वरसिद्धी’ आणि ‘संबंधसिद्धी’ हे तीन छोटे ग्रंथ मात्र आहेत, आणि भक्तीने ओथंबलेली ‘शिवस्तोत्रावली’ आहे. वादात बौद्धाची कोंडी करणारा हा माणूस स्तोत्रांत देवाशी भांडतो, रुसतो, व्याकूळ होतो. दोन्ही उत्पलदेव एकच आहेत आणि दोघांना वेगळे काढून वाचणे त्याच्यावर अन्याय आहे.

उत्पलदेवाच्या शिष्याचा, लक्ष्मणगुप्ताचा, शिष्य अभिनवगुप्त. त्याच्या तीन ग्रंथांना त्याने स्वतः काळ दिला आहे: ‘क्रमस्तोत्र’ ९९०–९१, ‘भैरवस्तव’ ९९२–९३ आणि ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाविवृतिविमर्शिनी’ १०१४–१५. मराठी वाचकाला तो ‘अभिनवभारती’ आणि ‘ध्वन्यालोकलोचन’ यांचा कर्ता, रसचर्चेतला आचार्य, म्हणून परिचित असतो. रसास्वादात ‘मी-माझे’ गळून पडते हे त्याचे म्हणणे प्रत्यभिज्ञेच्या पायावर उभे आहे. दोन विषयांचे दोन अभ्यासक्रम झाल्याने हा पाया विद्यार्थ्याला सहसा दाखवला जात नाही.

कारिकांवर त्याच्या दोन टीका आहेत. ‘विमर्शिनी’ कारिकांवर, तिला परंपरा ‘चतुःसाहस्री’ म्हणते. दुसरी उत्पलदेवाच्या विवृतीवर, ती ‘अष्टादशसाहस्री’. विमर्शिनीत पहिल्याच कारिकेतील ‘जन’ या शब्दावर तो थांबतो आणि सांगतो की जो कुणी जन्मला आहे तो या ग्रंथाचा अधिकारी. जात, दीक्षा, पूर्वतयारी यांची अट नाही. ‘तंत्रालोका’ची हवा अगदी वेगळी आहे. सदतीस आह्निके, सुमारे ५,८०० श्लोक. पहिल्या आह्निकांत अनुपाय, शांभव, शाक्त, आणव या उपायांचे तत्त्वज्ञान आहे. नंतर काल, भुवने, छत्तीस तत्त्वे, शक्तिपात, आणि मग दीक्षेचे प्रकार, अंत्यविधी, श्राद्ध, पवित्रक, कौल याग. अर्ध्याहून अधिक ग्रंथ कर्मकांडाचा आहे. आधुनिक अनुवादक आणि निवेदक पहिल्या पाचसहा आह्निकांवर थांबतात आणि उरलेला भाग काळाचा गाळ समजून बाजूला ठेवतात. हे चुकीचे आहे. अभिनवगुप्ताच्या मते द्वैताची गाठ बुद्धीत जशी असते तशी देहात, भीतीत, सोवळ्या-ओवळ्याच्या शंकेत असते. विधी तिथे काम करतो. ही कौल परंपरा त्याला जालंधरच्या शंभुनाथाकडून मिळाली आणि त्या गुरूविषयी लिहिताना त्याची लेखणी वेगळीच होते.

छत्तीस तत्त्वांच्या यादीपुढे नवखा वाचक बावरतो. सांख्यांची पंचवीस तत्त्वे तीत तशीच आहेत. वर माया आणि तिची पाच कंचुके, म्हणजे कला, विद्या, राग, काल, नियती. त्यांच्याही वर शुद्धविद्या, ईश्वर, सदाशिव, शक्ती, शिव. कंचुके म्हणजे शिवाच्या शक्तींचे आखडलेले रूप. सर्वकर्तृत्व आखडले की थोडेबहुत करण्याचे सामर्थ्य उरते, पूर्णता आखडली की हव्यास उरतो, नित्यत्व आखडले की आधी-नंतर उरते. बंधन आणि मोक्ष यांत पदार्थ बदलत नाही, आवाका बदलतो. आणव, मायीय आणि कार्म हे तीन मल त्याच आखडण्याचे तीन थर.

अभिनवगुप्ताचा शिष्य क्षेमराज याने ‘प्रत्यभिज्ञाहृदय’ लिहिले: वीस सूत्रे आणि त्यांवर स्वतःचीच टीका. तर्काच्या वाटेला न जाऊ शकणाऱ्या भाविकांसाठी ते आहे, असे तोच सांगतो. आज बहुतेकांचा अभ्यास या पुस्तकाने सुरू होतो आणि तिथेच संपतो. विसाव्या शतकात ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरीहून स्वामी मुक्तानंदांनी त्याचा देशविदेशात प्रसार केला. सुरुवातीला ते उत्तमच आहे, पण त्यात क्रम, त्रिक, स्पंद आणि प्रत्यभिज्ञा यांचे धागे इतके घट्ट विणले आहेत की कोणता कुठून आला हे मूळ ग्रंथांकडे गेल्याशिवाय उमगत नाही. तेराव्या शतकात जयरथाने तंत्रालोकावर ‘विवेक’ टीका लिहिली. ती नसती तर अभिनवगुप्ताचे निम्मे संदर्भ आज बंदच राहिले असते.

तोवर विचार दक्षिणेत पोचला होता. चोळ देशातील महेश्वरानंदाची ‘महार्थमंजरी’ क्रम संप्रदायाची असून तिच्या सत्तर गाथा महाराष्ट्री प्राकृतात आहेत. आपल्याला दर्शन देणारी योगिनी महाराष्ट्री भाषेत बोलली, असे तो ‘परिमल’ या आपल्या संस्कृत टीकेत सांगतो. मराठीशी थेट नाते मात्र ज्ञानेश्वरांचे. ‘अमृतानुभवा’च्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनी शिवसूत्रांचे नाव घेऊन ज्ञानालाही बंधन म्हणणाऱ्या सूत्राचा हवाला दिला आहे. पहिल्या प्रकरणातील शिव-शक्तीचे सामरस्य आणि सर्वांत मोठ्या, सातव्या, प्रकरणातील अज्ञानखंडन वाचताना प्रत्यभिज्ञेची आठवण पावलोपावली होते. तेवढ्यावरून ज्ञानेश्वरांना काश्मिरी शैव ठरवणे घाईचे आहे आणि ते केवळ शांकर वेदान्ती आहेत म्हणून हे साम्य झटकून टाकणेही बरोबर नाही. मधला दुवा नाथपंथाचा असण्याची शक्यता मोठी आहे: ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा मत्स्येंद्रनाथांपासून येते आणि तंत्रालोकाच्या आरंभी अभिनवगुप्त ज्या मच्छंद विभूला वंदन करतो तो मत्स्येंद्रच. उत्पलदेव बौद्धाला आत्मा पटवत होता, ज्ञानेश्वर अविद्येला वस्तुत्व देणाऱ्याला खोडत होते. प्रतिपक्ष बदलला की सिद्धांताचा घाट बदलतो, हे ध्यानात ठेवून दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले तर तुलना फलदायी होते.

काश्मिरात मात्र चौदाव्या शतकानंतर नवे ग्रंथ विरळ झाले. अठराव्या शतकात भास्करकंठाने विमर्शिनीवर ‘भास्करी’ लिहिली, शिवोपाध्यायाने विज्ञानभैरवावर टीका पूर्ण केली. पंडित घराण्यांतून पोथ्या उतरवल्या जात राहिल्या. या पोथ्या शारदा लिपीत, जुन्या असतील तर भूर्जपत्रावर. १८७५ साली मुंबई सरकारतर्फे गेओर्ग ब्यूलर काश्मिरात गेला. भूर्जपत्रावरची शाई बदामाच्या कोळशाची आणि गोमूत्रात उकळलेली असते, त्यामुळे पोथी पाण्याने धुतली तरी अक्षर पुसत नाही, हे त्याने नोंदवले आहे. त्याचा वृत्तांत १८७७ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या जादा अंकात आला. स्पंदशास्त्र आणि प्रत्यभिज्ञाशास्त्र यांचा परिचय आधुनिक विद्वानांना तिथे झाला. त्याने मिळवलेल्या पोथ्या पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या आणि पुढे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात गेल्या.

१९११ साली महाराजा प्रतापसिंह यांच्या संस्थानाने ‘काश्मीर संस्कृत ग्रंथावली’ सुरू केली. ‘शिवसूत्रविमर्शिनी’ हा तिचा पहिला ग्रंथ. मुकुंदराम शास्त्री आणि मधुसूदन कौल यांनी शारदेतून देवनागरीत आणलेले हे ग्रंथ श्रीनगरहून निघत, पण त्यांतले पुष्कळ छापले गेले मुंबईत, निर्णयसागर छापखान्यात. जयरथाच्या टीकेसह तंत्रालोकाचे बारा खंड १९१८ ते १९३८ या काळात आले. अष्टादशसाहस्रीचे तीन खंड १९३८ ते १९४३ मध्ये. आजही बहुतेक अभ्यास याच आवृत्त्यांवर चालतो. त्या चिकित्सक आवृत्त्या नव्हेत. शारदेत ‘म’ आणि ‘स’ दिसायला जवळजवळ सारखे, आणि एका अक्षराने वाक्याचा अर्थ फिरतो. म्हणून दुर्बोध वाक्य आले की आधी तत्त्वज्ञानात खोल शिरण्याऐवजी पाठ तपासावा हे शहाणपणाचे.

अर्थ लावण्याची मौखिक बाजू श्रीनगरजवळ ईशबर येथे राहणाऱ्या स्वामी लक्ष्मणजू (१९०७–१९९१) यांनी सांभाळली. लिलियन सिल्बर्न, सॅण्डरसन, जयदेव सिंह, बेटिना बाउमर त्यांच्यापाशी बसून शिकले. काशीत गोपीनाथ कविराज यांनी आणि लखनौत कांतिचंद्र पांडेय यांनी (त्यांचा अभिनवगुप्तावरचा ग्रंथ १९३५चा) हा विषय विद्यापीठांत आणला. रानिएरो न्योली यांनी तंत्रालोकाचा इटालियन अनुवाद केला आणि राफाएले तोरेल्ला यांनी १९९४ साली कारिका व वृत्ती यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

नव्याने अभ्यास करणाऱ्याला क्रम सुचवायचा तर अभिनवगुप्ताचे ‘परमार्थसार’ योगराजाच्या टीकेसह आधी, मग प्रत्यभिज्ञाहृदय, मग विमर्शिनीतला ज्ञानाधिकार. त्याआधी धर्मकीर्तीच्या ‘न्यायबिंदू’ची तोंडओळख अवश्य असावी, कारण स्वलक्षण, अपोह, विकल्प या संज्ञा उत्पलदेव वाचकाला ठाऊक आहेत असे धरून चालतो. तंत्रालोक त्यानंतर, आणि जयरथाला सोडून नव्हे.

अष्टादशसाहस्रीची अडचण निराळी आहे. ती विवृतीवरची टीका. विवृतीतला एकेक शब्द उचलून त्याचे स्पष्टीकरण करते, आणि तो मूळ मजकूरच हाती नाही. तोरेल्ला यांनी १९८८ पासून विवृतीचा एक सलग तुकडा प्रसिद्ध करायला घेतला. नंतर इझाबेल रातिए यांनी दाखवून दिले की अभिनवगुप्ताच्या टीकांच्या हस्तलिखितांच्या समासांत शारदेतल्या बारीक अक्षरात जुन्या वाचकांनी जे उतारे टिपून ठेवले आहेत, त्यांतले अनेक हरवलेल्या विवृतीचेच आहेत. अशा समासांतून गोळा होणाऱ्या वाक्यांमुळे ज्ञानाधिकारातील काही वादांत उत्पलदेवाचे स्वतःचे शब्द प्रथमच वाचायला मिळत आहेत आणि आजवर अभिनवगुप्ताच्या खात्यावर जमा असलेले कित्येक युक्तिवाद मुळात त्याच्या परमगुरूचे होते हे उघड होत आहे.